धनुष्य घ्यावं की क्रॉसबो?

अमेरिकेत संकटकाळाची तयारी करणाऱ्यांमध्ये हा वाद नेहमी रंगतो. क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारख्या दांड्यावर आडवं बसवलेलं धनुष्य. त्याच्या बाजूने भक्कम मुद्दा एकच: तो शिकायला सोपा. दोरी मागे ओढून अडकवली की ताण यंत्रच धरून ठेवतं, आपण बंदुकीसारखा नेम धरायचा. नवखा माणूसही थोड्याच सरावात बऱ्यापैकी नेम साधतो.

पण दुकानं महिनोन्‌महिने बंद राहिली तर? कप्प्या असलेल्या क्रॉसबोची दोरी बदलायला बहुधा खास प्रेस, म्हणजे त्याचे हात दाबून धरणारं साधन, लागते. वजन जास्त, पुन्हा भरायला वेळ, आणि त्याचे आखूड बाण धनुष्याला चालत नाहीत. साधं, सुटं होणारं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) धनुष्य मात्र पाठपिशवीत मावतं. दोरी हातानेच बदलता येते; जादा दोन-तीन जवळ ठेवा. माझं मत धनुष्याकडे झुकतं, पण नियमित सराव करणार असाल तरच. सुरुवात २५-३० पाउंड ताणाने (दोरी पूर्ण ओढायला लागणाऱ्या जोराने) करा. हरणाच्या शिकारीसाठी अनेक राज्यांत किमान ४० पाउंडांच्या आसपास ताण लागतो, तिथवर हळूहळू जा, नाहीतर खांदा दुखावेल. खांदा आधीच अधू असेल तर वाद मिटला, क्रॉसबोच घ्या. फक्त राज्याचे नियम आधी पाहा. ऑरेगनमध्ये त्याने शिकार करता येत नाही.

दोन्हींपैकी काहीही घ्या, बाण न लावता दोरी कधीही सोडू नका. सगळी ऊर्जा हत्यारातच जिरते आणि ते तडकू शकतं.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे इथे धनुष्य घ्यायचं ते खेळासाठीच.