डिस्ट्रिक्टचा मेल आला, आता काय करायचं?

मी न्यू जर्सीतल्या एका एलिमेंटरी शाळेच्या ऑफिसात काम करते. दाराची बेल वाजली की कॅमेऱ्यात चेहरा बघून बझर दाबायचा, उशिरा आलेल्या मुलाला पास द्यायचा, घरी राहिलेला डबा वर्गात पोचवायचा. डिस्ट्रिक्टकडून, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेकडून, पालकांना जे मेल, मेसेज आणि रेकॉर्ड केलेले फोन जातात, त्यांच्याबद्दलचे प्रश्नही माझ्याच खिडकीशी येतात. मराठी पालक तर मला पार्किंगमध्ये गाठतात, "ताई, हा मेल जरा बघता का?" उन्हाळ्यात भारतातून नवीन कुटुंबं येतात आणि सप्टेंबरात हे प्रश्न वाढतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते. मी सांगते ते न्यू जर्सीचं. दुसऱ्या राज्यात मुदती आणि नावं वेगळी असतील, पद्धत फारशी वेगळी नसते.

आधी कारभार कुणाचा ते कळू द्या. अमेरिकेत असे सुमारे १३ हजार डिस्ट्रिक्ट आहेत. प्रत्येकाचं बोर्ड असतं, बोर्डाने नेमलेला सुपरिंटेंडंट असतो, त्याच्या खाली शाळांचे प्रिन्सिपल. वर्गातली गोष्ट असेल तर पहिला मेल टीचरला, मग प्रिन्सिपलला. आपल्याकडचे काहीजण गणिताच्या गृहपाठावरून थेट सुपरिंटेंडंटला लिहितात. तो मेल दोन दिवसांनी फिरून टीचरकडेच येतो, आणि तोवर टीचरचं मन थोडं खट्टू झालेलं असतं.

मेल वाचण्याआधी पोर्टल भरा

शाळा सुरू होण्याआधी पालकांच्या पोर्टलमध्ये जाऊन स्वतःचा फोन नंबर तपासा. गंमत वाटेल, पण नवीन सिम घेतल्यावर जुना नंबर तसाच राहिलेली घरं मी दरवर्षी बघते. मूल तापाने फणफणलेलं असतं आणि मी बंद नंबर फिरवत बसते.

मग इमर्जन्सी कॉन्टॅक्ट. इथे निदान दोन स्थानिक माणसं हवीत, जी पंधरा-वीस मिनिटांत शाळेत येऊ शकतील. पुण्यातल्या मावशीचा नंबर इथे कामाचा नाही. नाव अगदी तसंच लिहा जसं त्या माणसाच्या फोटो आयडीवर आहे. "पिंकी काकू" असं लिहिलेलं असेल आणि लायसन्सवर दुसरंच नाव असेल, तर मला मूल त्यांच्या हातात देता येत नाही, मग त्या कितीही ओळखीच्या असोत. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आले असतील तर त्यांचीही नावं घाला आणि न्यायला येताना पासपोर्ट बरोबर ठेवायला सांगा. आजोबांना माझा राग येतो. "अहो, नातू मला बघून धावत येतोय, आणखी काय पुरावा हवा?" मला त्यांचं पटतं, पण नियम आहे.

सुरक्षेचे मेल

हे मेल वाचून सगळ्यात जास्त घाबरायला होतं, आणि बहुतेक वेळा त्यात तुम्ही करण्यासारखं काहीच नसतं. न्यू जर्सीच्या कायद्याने प्रत्येक शाळेत दर महिन्याला एक आगीची आणि एक सुरक्षेची ड्रिल, म्हणजे सराव, करावी लागते. म्हणजे "आज लॉकडाऊन ड्रिल झाली" असा मेल वर्षभर अधूनमधून येणारच. तो माहितीसाठी आहे.

खरी घटना असेल तर मेलमधला शब्द नीट बघा. देशभरात पुष्कळ शाळा पाच ठरलेल्या सूचना वापरतात: होल्ड, सिक्युअर, लॉकडाऊन, इव्हॅक्युएट, शेल्टर. होल्ड म्हणजे मुलांनी वर्गातच थांबायचं, कॉरिडॉर मोकळा ठेवायचा. बऱ्याचदा कुणाला तरी चक्कर आलेली असते आणि रुग्णवाहिका आत यायची असते, एवढंच. सिक्युअर म्हणजे धोका इमारतीच्या बाहेर आहे, जवळपास पोलिसांची काहीतरी कारवाई चालू आहे. बाहेरची दारं बंद, आत वर्ग नेहमीसारखे चालू. लॉकडाऊन म्हणजे धोका आत आहे किंवा असू शकतो. दिवे बंद, दार बंद, मुलं नजरेआड आणि गप्प. सिक्युअरला लॉकडाऊन समजून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकणारा एक जण असतोच, आणि पुढच्या दहा मिनिटांत माझे तिन्ही फोन एकदम वाजायला लागतात.

अशा वेळी शाळेला फोन करू नका आणि गाडी काढू नका. ऑफिसची लाइन पोलिसांना मोकळी हवी असते आणि शाळेसमोरचा रस्ता रुग्णवाहिकेला. मूल मोठं असेल आणि त्याच्याकडे फोन असेल, तरी लॉकडाऊनमध्ये त्याला फोन करू नका. शांत वर्गात तुमचीच रिंगटोन वाजेल. डिस्ट्रिक्टच्या मेसेजची वाट बघा. मुलांना दुसऱ्या जागी नेऊन पालकांच्या ताब्यात द्यायचं ठरलं तर ती जागा मेसेजमध्ये येते. तिथे फोटो आयडी घेऊनच जा, आणि वेळ लागणार हे धरून चला.

ड्रिलच्या दिवशी घरी पहिलीतल्या मुलाशी काय बोलायचं, हे मला नेहमी विचारतात. आपणहून गोळीबाराचा विषय काढू नका. "आज काय प्रॅक्टिस केली?" एवढं विचारा आणि ते सांगेल तेवढं ऐका. बहुतेक मुलं "आम्ही कोपऱ्यात बसलो, टीचरने स्टिकर दिला" इथे संपवतात. एखादं रात्री उठत असेल, बाथरूमला एकटं जायला घाबरत असेल, तर शाळेच्या काउन्सेलरला लिहा. मोठ्या मुलांना ९८८ हा नंबर पाठ असू द्या. मन फार अस्वस्थ असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर त्यावर फोन किंवा मेसेज करता येतो. जुलै २०२२ पासून तो देशभर चालू आहे.

नर्सचे मेल

इथे मात्र हातपाय हलवायचे असतात, आणि तारीख पाळायची असते. परदेशातून आलेल्या मुलाला लसींची कागदपत्रं पुरी करायला ३० दिवसांची सवलत मिळते. त्यानंतर नर्सच्या हातात काही राहत नाही.

भारतातलं लसीकरण कार्ड आणताना तीन गोष्टी तपासा. पहिली, तारखा. आपण ०५/०८ म्हणजे ५ ऑगस्ट लिहितो, इथे तीच ८ मे वाचली जाते. मूल मेमध्ये जन्मलेलंच नसेल तर कार्डावर जन्माआधी दिलेली लस दिसते! महिना अक्षरात लिहिलेली प्रत डॉक्टरांकडून सही-शिक्क्यानिशी आणा. दुसरी, गोवर. भारतात नवव्या महिन्यात गोवराची लस देतात, पण इथे पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस धरत नाहीत. शिवाय सरकारी दवाखान्यातल्या एमआर (गोवर-रुबेला) लसीत गालगुंडाची लस नसते, आणि इथे ती लागते. म्हणजे पुन्हा टोचून घ्यावं लागणार, हे आधीच मनाशी धरा. तिसरी, पोलिओ. एप्रिल २०१६ नंतर तोंडावाटे दिलेले थेंब इथे हिशेबात घेत नाहीत. पल्स पोलिओचे कितीही रविवार केले असतील तरी इंजेक्शनच्या डोसांचीच मोजणी होते.

क्षयाची चाचणी मागितली तर घाबरू नका. आपल्या मुलांना जन्मतःच बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावरची कातडीची चाचणी उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. डॉक्टरांना तीच विचारा. प्रीस्कूलमधल्या पाच वर्षांखालच्या मुलांना न्यू जर्सीत ३१ डिसेंबरच्या आत फ्लूची लसही लागते. हा मेल नोव्हेंबरात येतो आणि दिवाळीच्या पाहुण्यांत हरवतो.

औषध दप्तरात घालून पाठवू नका. क्रोसिन नाही, खोकल्याची गोळी नाही, सितोपलादि नाही, होमिओपॅथीच्या गोड गोळ्या तर मुळीच नाहीत. लेबल नसलेल्या बाटलीतल्या पांढऱ्या गोळ्या मुलाने मित्राला वाटल्या की त्या दिवशी प्रिन्सिपल, नर्स, दोन्ही मुलांचे पालक, सगळे कामाला लागतात. औषध द्यायचं तर डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म, तुमची संमती आणि मूळ डबी नर्सकडे. दम्याचा पंप किंवा ॲलर्जीचं एपिपेन इंजेक्शन मुलाने जवळ ठेवायचं असेल तर त्यालाही डॉक्टरांचं लेखी लागतं. वर्गात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असल्याचा मेल आला तर डब्यातली शेंगदाण्याची चटणी, दाण्याचा कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, चिक्की, सगळं बंद. साबुदाण्याची खिचडीसुद्धा. कूट दिसत नाही म्हणून आपण विसरतो.

ताप उतरल्यावर औषधाशिवाय २४ तास गेले की मगच शाळा. सकाळी टायलेनॉल पाजून पाठवलेलं मूल अकराच्या सुमारास नर्सच्या कॉटवर येतं, हे आम्हाला घड्याळ न बघता कळतं.

भारतात जाताना

हजेरीचा मेल हा आपल्या लोकांचा खास विषय. वर्षात १८० दिवस शाळा धरली तर १० टक्के म्हणजे १८ दिवस. तेवढे बुडाले की मूल 'क्रॉनिकली ॲबसेंट' मोजलं जातं, कारण काहीही असो. डिसेंबरच्या सुट्टीला दोन्ही बाजूंनी दोन-दोन आठवडे जोडले की लग्नाला जाऊन येईपर्यंत तुम्ही ती रेषा ओलांडलेली. शाळेच्या रिपोर्टमध्ये हा आकडा राज्याकडे जातो, म्हणून पत्रं कडक भाषेत येतात. ती तुमच्यावर राग म्हणून नसतात. तिकीट काढण्याआधी ऑफिसला लेखी विचारा की इतक्या दिवसांनी नाव कमी होतं का. काही डिस्ट्रिक्ट सलग गैरहजेरीनंतर नाव काढतात आणि परत आल्यावर सगळी नोंदणी नव्याने करावी लागते.

मार्कांचे मेल

एलिमेंटरीच्या रिपोर्ट कार्डवर बऱ्याच ठिकाणी १ ते ४ असे आकडे असतात. ३ म्हणजे इयत्तेला जे यायला हवं ते येतं. ते चारपैकी तीन, म्हणजे ७५ टक्के, असं नाही. "एक मार्क कुठे गेला?" हा प्रश्न कॉन्फरन्समध्ये, म्हणजे टीचरबरोबरच्या भेटीत, विचारू नका. टीचरला खरंच कळत नाही काय उत्तर द्यावं. त्यापेक्षा विचारा, "वाचताना कुठे अडतो? घरी काय करून घेऊ?"

मॅप (MAP) ही वाचन-गणिताची परीक्षा बऱ्याच शाळा घेतात, तिच्यासारख्या परीक्षेच्या निकालात पर्सेंटाइल येतं. ६२ म्हणजे १०० पैकी ६२ गुण नव्हेत. त्या इयत्तेतल्या १०० मुलांपैकी साधारण ६२ जणांच्या पुढे. एका आकड्याकडे बघण्यापेक्षा शरद आणि वसंतातले दोन आकडे शेजारी ठेवा. राज्याची परीक्षा तिसरीपासून असते. वाचन आणि गणिताची अशी परीक्षा तिसरी ते आठवी दरवर्षी घ्यायची, हा देशाचाच कायदा आहे. शाळेशाळेचे निकाल राज्य दरवर्षी जाहीर करतं. घर घेताना लोक तेवढंच बघतात. मी म्हणेन, त्याच रिपोर्टमध्ये गैरहजेरीचं पानही बघा, शाळेबद्दल ते जास्त बोलतं.

नोंदणीच्या वेळी घरची भाषा विचारतात. "इंग्लिश लिहू का, नाहीतर वेगळ्या वर्गात टाकतील," असं पुष्कळ जण कुजबुजतात. मराठी बोलत असाल तर मराठी लिहा. मुलाची इंग्रजीची छोटी चाचणी होईल, गरज असेल तर ज्यादा मदत मिळेल, आणि ती नको असेल तर लेखी नाही म्हणता येतं.

तक्रार असेल तेव्हा

पार्किंगमध्ये मला सांगितलेलं कुठेही नोंदलं जात नाही. इथल्या सगळ्या मुदती लेखी आल्यावर सुरू होतात. मुलाला शिकण्यात अडचण आहे असं वाटलं आणि तुम्ही तपासणीची लेखी मागणी केली, तर न्यू जर्सीत डिस्ट्रिक्टला २० दिवसांत बैठक बोलवावी लागते. फोनवर बोललात तर ते २० दिवस सुरूच होत नाहीत. मुलाची शाळेतली फाइल बघायला मागितली तर देशभरात कमाल ४५ दिवस.

डब्याच्या वासावरून, नावावरून, कपाळावरच्या टिकलीवरून कुणी सतत छळत असेल तर न्यू जर्सीत २०११ पासून कडक कायदा आहे. प्रत्येक शाळेत त्यासाठी नेमलेली एक व्यक्ती असते, आणि लेखी तक्रारीनंतर शाळा चालू असलेल्या १० दिवसांत चौकशी पुरी करावी लागते. मेलमध्ये तारीख, जागा, कोण काय म्हणालं आणि कुणी ऐकलं एवढंच लिहा. "आमच्या संस्कृतीचा अपमान" वगैरे परिच्छेद नको. चौकशी करणाऱ्याला शब्द हवे असतात, त्या मुलाने जसे उच्चारले तसे.

आणि शाळेच्या हातात नसलेल्या गोष्टींसाठी, म्हणजे बसचे थांबे, ज्यादा नर्स, दिवाळीची सुट्टी, बोर्डाच्या सभेला जा. सभा सगळ्यांना खुली असते आणि तारीख आधी जाहीर होते. विषयपत्रिका वेबसाइटवर बघा. बोलायला बहुतेक ठिकाणी दोन-तीन मिनिटं मिळतात, नाव आणि गाव सांगावं लागतं. लिहून न्या आणि घरी घड्याळ लावून एकदा वाचून बघा. कॅलेंडर शाळा सुरू व्हायच्या कित्येक महिने आधी मंजूर होतं, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीचं बोलायचं तर ऑक्टोबरात जाऊन उपयोग नाही. ते आदल्या हिवाळ्यातच मांडा.