आधी भाकर, मग वचन: घरातल्या खचलेल्या माणसाला विश्वासाचा आधार कसा द्यायचा

माझ्या धाकट्या बहिणीला दुसरं बाळ झालं आणि त्यानंतर दोन-अडीच महिने ती पलंगावरून उठलीच नाही म्हणा ना. बाळ रडायचं आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं भेटायला यायची, मनापासून यायची, पण प्रत्येकजण बायबलमधलं एखादं वचन सांगून निघून जायचा, आनंद करा, चिंता करू नका, आणि एकाने तर तोंडावर सांगितलं की ताई तुमची प्रार्थना कमी पडतेय. त्या रात्री ती झोपलीच नाही, म्हणाली मला देवाने पण टाकलं. मग महिला मंडळातल्या एक मावशी यायला लागल्या, रोज सकाळी दहाला, हातात डबा, त्यात गरम भाकर आणि मेथीची भाजी. त्या बाळाला आंघोळ घालायच्या, बहिणीच्या केसांना तेल लावून वेणी घालायच्या, आणि जाताना एकच स्तोत्र हळू आवाजात वाचायच्या, त्यावर एक शब्द न बोलता. तिसऱ्या आठवड्यात त्यांनीच तिला रिक्षात बसवून मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन होतं, गोळ्या सुरू झाल्या, काही महिन्यांत ती सावरली. तेव्हापासून मी संडे स्कूलमध्ये शिकवताना आणि घरोघरी भेटीला जाताना मावशींची ती पद्धत धरून आहे, आणि तीच इथे सांगतेय.

ती पद्धत बायबलमध्येच आहे, १ राजे या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात. एलीया एवढा मोठा संदेष्टा, पण जीव मुठीत धरून रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला की पुरे झालं, मला मरू दे. आता देवाने काय केलं ते नीट बघा. रागावला नाही, वचनही ऐकवलं नाही. तो झोपला तर झोपू दिलं, मग दूत आला आणि म्हणाला ऊठ, खा, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. खाल्लं, परत झोपला. परत उठवलं, परत खाऊ घातलं. त्यानंतर चाळीस दिवस चालून तो होरेब डोंगरावर पोचला तेव्हा कुठे देवाने विचारलं, एलीया तू इथे काय करतोयस, आणि त्याचं गाऱ्हाणं ऐकून घेतलं, एकदा नाही दोनदा. मग हाताला काम दिलं आणि अलीशासारखा सोबती दिला. म्हणजे अन्न, झोप, मग प्रश्न, मग ऐकणं, मग काम आणि सोबत. आपण नेमकं उलटं करतो, आधी उपदेश करतो आणि भाकर विसरतो. खाली जे काही लिहिलंय ते वयाप्रमाणे बदलतं पण हा क्रम बदलू नका.

लहान मुलांपासून सुरुवात करते कारण तिथे आपण सगळ्यात जास्त चुकतो. घरात कोणी गेलं की आपण मुलाला सांगतो देवाला आजी आवडली म्हणून तो घेऊन गेला. मूल ते शब्दशः धरतं, आणि मग आईला ताप आला तरी ते घाबरतं की आता देव आईला पण नेणार. त्यापेक्षा सरळ सांगा, आजी वारली, तिचं शरीर आता चालत नाही, ती देवाजवळ आहे असं आपण मानतो आणि आपल्याला खूप वाईट वाटतंय. आणि रडू द्या. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे येशूला माहीत होतं तरी तो त्याच्यासाठी रडला, योहानाच्या शुभवर्तमानात ११व्या अध्यायात आहे, ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. माझ्या वर्गातला एक सहा-सात वर्षांचा मुलगा आजी गेल्यावर आठवडाभर गप्प होता आणि मग चित्र रंगवता रंगवता, मान वर न करता, विचारलं की टीचर, आजीचा चष्मा तर घरीच राहिला, तिला तिथे दिसेल का. उत्तर द्यायची घाई होते अशावेळी. मी एवढंच म्हटलं, तुला काय वाटतं? त्यावर तो दहा मिनिटं आजीबद्दल बोलला, चष्मा, पानाचा डबा, तिचा खोकला, सगळं बाहेर आलं.

मुलांसाठी तीन गोष्टी घरी सहज करता येतात. रात्रीच्या प्रार्थनेआधी तीन प्रश्न विचारा, आज काय छान झालं, कशाचं वाईट वाटलं, उद्या कशाची भीती वाटतेय, आणि तेच मुलाच्या शब्दांत देवाला सांगा. लोयोलाच्या संत इग्नेशियसने सोळाव्या शतकात दिवसाकडे मागे वळून बघायची जी प्रार्थना शिकवली तिचंच हे लहान रूप आहे. दुसरं, भीती वाटली की श्वासाची प्रार्थना. श्वास आत घेताना "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" आणि सोडताना "मला काही उणे पडणार नाही" हे मनात सावकाश म्हणायचं. सोडतानाचा श्वास घेतानाच्या श्वासापेक्षा लांब ठेवायचा, म्हणजे छातीची धडधड कमी व्हायला मदत होते, म्हणून शेवटचा शब्द जरा लांबवायला सांगा. तिसरं, ५६व्या स्तोत्रात देव आपली आसवं बुधलीत भरून ठेवतो असं आहे, तर एक रिकामी बरणी घ्या आणि मुलाला जे बोलता येत नाही ते चिठ्ठीवर लिहून किंवा काढून त्यात टाकू द्या. चिठ्ठ्या त्याच्या परवानगीशिवाय उघडायच्या नाहीत. आणि एक करू नका, देव बघतोय हां, हे धाक म्हणून वापरू नका.

ते का सांगते तर काही मुलं, विशेषतः बारा-चौदाच्या पुढची, प्रार्थना चुकली म्हणून परत परत म्हणतात, मनात घाण विचार आला म्हणून पन्नास वेळा क्षमा मागतात, प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली भाकर आणि द्राक्षारस, घ्यायला घाबरतात. घरच्यांना वाटतं केवढं भक्तिमान पोरगं. पण हा ओसीडीचा, म्हणजे तेच तेच विचार आणि त्याच त्याच कृती थांबवता न येण्याच्या आजाराचा, प्रकार असू शकतो. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणारा मार्टिन ल्यूथर तासन् तास पापांगीकार, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली, देत बसायचा, आणि इग्नेशियसला १५२२-२३ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसात आपली पापं माफ झाली का या शंकांनी इतकं छळलं की जीव द्यावासा वाटला. अशा मुलाला जास्त प्रार्थना सांगू नका, थेरपिस्टकडे न्या आणि पाळकसाहेबांना किंवा फादरना विश्वासात घ्या, म्हणजे एकदा क्षमा मागितली की झालं, परत नाही, हे तेही त्याला सांगतील आणि दोघांचं बोलणं एकच राहील.

तरुण मुलांशी पहिला नियम, त्यांनी सांगितलेलं तुमच्यापाशीच ठेवायचं. आपल्याकडे एखाद्या मुलीने कुणापाशी मन मोकळं केलं की रविवारी तो प्रार्थनेचा विषय होतो आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळतं, आणि ती मुलगी परत कधी कुणाला काही सांगत नाही. दुसरं, त्यांना विलापस्तोत्रं दाखवा. दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश तक्रारीची आहेत हे आपण त्यांना कधी सांगतच नाही. १३वं वाचायला द्या, किती काळ मला विसरणार असं सरळ देवाला विचारलंय. मग वहीत स्वतःचं लिहायला सांगा, आधी हाक, मग तक्रार, मग मागणं, मग भरवसा. भरवशाची ओळ सुचत नसेल तर रिकामी ठेवू द्या. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही, तरी ते बायबलमध्ये आहे. बारावीत नापास झालेल्या एका मुलाने मला वही दाखवली होती, त्यात पहिल्या तीन भागांना चार पानं आणि चौथ्याला फक्त एक टिंब. मी म्हटलं हीपण प्रार्थनाच आहे रे.

आता महत्त्वाचं. कोणी म्हणालं की जगण्यात अर्थ नाही, मी नसतो तर बरं, तर सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का तुझ्या मनात? विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, घरातली गोळ्यांची पाकिटं आणि शेतीची औषधं नजरेआड, कुलपात ठेवा, आणि त्याच्यासोबत बसून १४४१६ लावा, ही टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन २०२२ पासून आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. त्या क्षणी आत्महत्या पाप आहे हे ऐकवू नका हो. मोशे, ईयोब, योना, एलीया, सगळ्यांनी कधी ना कधी देवाकडे मरण मागितलं, आणि देवाने त्यातल्या एकालाही टाकलं नाही. प्रयत्न केलेला असेल तर पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळू नका, २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं.

मोठ्यांच्या बाबतीत सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे गोळ्या म्हणजे अविश्वास हा समज. बायबलमधल्या प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं आणि पौलाच्या सोबतचा लूक स्वतः वैद्य होता. कशाविषयीही चिंता करू नका हे पौलाचं वाक्य आपण दुसऱ्यावर फेकून मारतो, पण ते त्याने बंदिवासातून लिहिलं, त्याची काळजी करणाऱ्या माणसांना धीर द्यायला. ई. स्टॅन्ली जोन्स हे मिशनरी भारतात आल्यावर सुरुवातीच्या वर्षांत स्वतः मानसिकदृष्ट्या कोलमडले होते, लखनौला प्रार्थनेत त्यांना उभारी मिळाली, आणि त्याच माणसाने पुढे १९५०च्या सुमारास लखनौलाच नूर मंझिल हे मानसोपचार केंद्र सुरू केलं. ज्याला प्रार्थनेने बळ मिळालं त्यानेच डॉक्टर बसवले, हे मला फार मोलाचं वाटतं.

म्हणून घरात कोणाला गोळ्या सुरू असतील तर चंगाई सभेहून, म्हणजे आजार बरे व्हावेत म्हणून प्रार्थना करतात त्या सभेहून, आल्यावर त्या अचानक बंद करू नका. उपवास प्रार्थना ठेवायची असेल तर डॉक्टरांना विचारा, खास करून लिथियम हे मनाच्या आजारावरचं औषध चालू असेल तर, कारण पाणी कमी पडलं की रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. शुगरची औषधं घेणाऱ्यांनीही उपवासाआधी डॉक्टरांना विचारायचं. आणि नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला क्षमा कर, सहन कर हे सांगणं थांबवा. क्षमा ही मनातली गोष्ट आहे, त्या घरात परत जाणं ही वेगळी गोष्ट आहे, तिला आधी सुरक्षित जागा हवी, १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिच्या मोबाइलमध्ये एखाद्या मैत्रिणीच्या नावाने सेव्ह करून द्या.

शोकात असलेल्या माणसाकडे गेलात तर गप्प बसायला शिका. मुलंबाळं, धन सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत, तोवर सगळं ठीक होतं, तोंड उघडलं तिथून बिघडलं. आणि काही काळाने त्या माणसाला हाताला काम द्या, हलकं, रोजचं. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात उपाशी, भेदरलेल्या मुली केडगावला आणल्या तेव्हा तिथे प्रार्थना तर होतीच, पण पोटभर जेवण, शाळा, शेत आणि विणकामही होतं. स्वतः रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली गेली आणि पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या गेल्या, पण मधल्या त्या काही महिन्यांतही बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही.

म्हातारी माणसं. त्यांना आपण औषधं वेळेवर देतो, पण त्यांच्याशी बोलत कोणी नाही, पोरं पुण्या-मुंबईला. त्यांच्याकडे जाताना उपदेश नको, त्यांची साक्ष, म्हणजे त्यांच्या आयुष्याची गोष्ट, ऐका, लहानपणचं चर्च, दुष्काळ, लग्न, कुणाशी भांडण राहून गेलं असेल तर ते. बऱ्याचदा मनात एखादी जुनी अढी असते आणि ती सोडवायला फक्त एक फोन लावून द्यावा लागतो. चर्चला येता येत नसेल तर प्रभुभोजन घरी आणायला पाळकसाहेबांना सांगा, मिस्साला जाणारे, म्हणजे कॅथलिक, असतील तर फादर घरी येऊन देतात, मागायला संकोच करू नका.

स्मृतिभ्रंश झालेला असेल तर ओळखलंत का, मी कोण सांगा, अशी परीक्षा घेऊ नका. गाणं लावा, खरं म्हणजे स्वतः गा. आमच्या ओळखीतले एक आजोबा मुलाचं नाव विसरले, जेवलो का नाही ते विसरले, पण नारायण वामन टिळकांचं भजन सुरू केलं की हात आपोआप टाळीचा ठेका धरायचे आणि दुसरं कडवं ते आमच्याआधी म्हणायचे. प्रभूची प्रार्थना त्यांच्यासोबत म्हणताना त्यांच्या लहानपणीच्या जुन्या भाषांतरातली म्हणा, नवीन सोप्या भाषेतली नको, कारण जिभेवर जुनीच बसलेली असते, शब्द बदलला की ते अडखळतात आणि हिरमुसतात.

शेवटच्या दुखण्यात असलेल्यांसाठी वेदनाशामक आधी, प्रार्थना सोबत. डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दुखण्यातल्या माणसांना सांभाळणारं केंद्र, सुरू केलं, त्या ख्रिस्ती श्रद्धेतूनच या कामात आल्या होत्या, आणि त्यांचं सांगणं होतं की वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि आत्म्याची अशी सगळी मिळून एकच असते. मुंबईत बांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसांना, कुठल्याही धर्माच्या, सांभाळतंय.

धर्मावरून आठवलं. शेजारची ताई ख्रिस्ती नसेल आणि दुःखात असेल तर तिच्याकडे डबा घेऊन जा, बसा, ऐका, पण तिच्या दुःखाचा फायदा घेऊन तिला चर्चला ओढू नका. प्रार्थना करायची इच्छा असेल तर आधी विचारा, मी प्रार्थना केली तर चालेल का, आणि नको म्हणाली तर मनात करा. आपल्या माणसांनाही हेच विचारायचं बरं का, तरुण पोरांना तर नक्कीच.

आणि निघताना परत येतो असं मोघम म्हणू नका. वार सांगा, वेळ सांगा, आणि त्या वेळेला दारात हजर राहा. आमच्या मावशी रोज एवढंच म्हणायच्या, उद्या दहाला येते, आणि बहीण आज सांगते की पहाटे चारला जाग आली की ती दहा वाजायला किती तास उरले ते मोजायची.