फेडरल (केंद्राचं) भरलं म्हणजे राज्याचं भरलं असं नाही: अमेरिकेतल्या टॅक्समध्ये या चुका टाळा

एप्रिल जवळ आला की न्यू जर्सीत आमच्या ओळखीच्या घरांमध्ये एकच विषय: "तुम्हाला रिफंड किती आला?" जणू लॉटरीच लागली! अहो, ते वर्षभर सरकारकडे बिनव्याजी ठेवलेले आपलेच पैसे.

नवराबायको दोघंही नोकरीत असतील तर उलटंच होतं, एकदम मोठं बिल येतं. पगारातून किती टॅक्स कापायचा हे कंपनीला सांगणाऱ्या डब्ल्यू-४ फॉर्मवर दोघांनीही फक्त 'मॅरीड फायलिंग जॉइंटली' (नवराबायकोचा एकत्र रिटर्न) यावर खूण केली, की जोडप्याची पूर्ण स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून मिळणारी ठरावीक वजावट (२०२५ साठी ३१,५०० डॉलर), दोन्ही कंपन्या आपापल्या परीने धरतात आणि टॅक्स कमी कापला जातो. दोघांचे पगार जवळपास सारखे असतील तर दोन्ही फॉर्मवर स्टेप २ मधल्या (सी) चौकोनात खूण करा. राज्याच्या टॅक्ससाठी न्यू जर्सीचा एनजे-डब्ल्यू४ फॉर्म वेगळा असतो आणि तो भरायचा राहूनच जातो.

सगळ्यात जास्त घोळ नदीपलीकडे मॅनहॅटनला नोकरी करणाऱ्यांचा. पगारातून न्यूयॉर्कचा टॅक्स कापलेला दिसतो, मग वाटतं की न्यू जर्सीचं काही देणं नाही. असं नसतं. न्यूयॉर्कचा नॉन-रेसिडेंट रिटर्न (आयटी-२०३) भरायचा आणि न्यू जर्सीत रेसिडेंट म्हणून सगळं उत्पन्न दाखवून, तिकडे भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट घ्यायचं. सॉफ्टवेअरमध्येही आधी न्यूयॉर्क, मग न्यू जर्सी. क्रम चुकला की क्रेडिटचा आकडा हमखास बिघडतो. आणि आठवड्यातले दोन दिवस स्वतःच्या सोयीसाठी घरून काम केलं, तर ते दिवस न्यू जर्सीचे असं धरून चालू नका. न्यूयॉर्क साधारणपणे त्या दिवसांचाही टॅक्स मागतं. पेनसिल्व्हेनियात राहून न्यू जर्सीत नोकरी करणारे सुखी, कारण दोन राज्यांत करार आहे. कंपनीला एनजे-१६५ हा फॉर्म दिला की पगारातून न्यू जर्सीचा टॅक्स कापला जात नाही. तो न देता वर्ष गेलं असेल तर न्यू जर्सीचा रिटर्न भरून पैसे परत मागा.

भारतातल्या एफडीचं व्याज तर सगळेच विसरतात. एनआरई खात्यावरचं (परदेशातल्या कमाईचे पैसे ठेवायचं भारतातलं खातं) व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे ते उत्पन्नच आहे, फेडरलमध्ये आणि राज्यातही. एनआरओ खात्यावर (भारतातल्या उत्पन्नाचं खातं) तिकडे टीडीएस कापला असेल तर फेडरलमध्ये फॉर्म १११६ वर मर्यादेत क्रेडिट मिळतं. पण न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया परदेशी टॅक्सचं क्रेडिट देत नाहीत. याच दोन राज्यांत एचएसएमध्ये (औषधोपचाराच्या खर्चासाठीचं बचत खातं) टाकलेल्या पैशांवरही राज्याचा टॅक्स लागतो. म्हणून फेडरलचे आकडे डोळे मिटून राज्याच्या फॉर्मवर उतरवू नका.

टेक्सासला निघालात? तिथे पगारावर राज्याचा टॅक्स नाही, पण घराचा प्रॉपर्टी टॅक्स पाहून मग खूश व्हा. वर्षाच्या मध्ये गेलात तर जुन्या राज्याचा पार्ट-इयर रिटर्न भरावाच लागतो.

मुदतवाढ घेतली तर फॉर्म भरायला १५ ऑक्टोबरपर्यंत वेळ मिळतो, पैसे मात्र १५ एप्रिललाच.

आणि चूक सापडून १०४०-एक्स (फेडरलचा दुरुस्त रिटर्न) भरलात तर राज्याचाही दुरुस्त रिटर्न लागतो का, ते लगेच बघा. आयआरएस (केंद्राचं टॅक्स खातं) राज्यांना माहिती पुरवते, त्यामुळे तुम्ही विसरलात तरी राज्याचं पत्र येतं, व्याजासकट.