पहिला छोटा कॅमेरा ड्रोन: घ्यावा का, आणि घ्यायचा तर कुठला?

“कुठला ड्रोन घेऊ?” असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, “उडवणार कुठे?” बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एखाद्या गडाचा माथा नाहीतर कोकणातला किनारा असतो. दर रविवारी सकाळी जिथे सराव करायचा, ते मैदान कुणाच्या डोळ्यांसमोर नसतं. माझ्याही नव्हतं. माझा पहिला ड्रोन अडीच हजारांचा होता आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ‘4के’, म्हणजे अतिशय बारीक तपशिलाचं चित्रण, असं लिहिलेलं होतं. गच्चीवरून उडवला, चौथ्या मिनिटाला वाऱ्याने उचलला आणि शेजारच्यांच्या आंब्यावर नेऊन ठेवला. आंबे उतरवायच्या झेल्याने तो खाली काढला, तेव्हा एक पातं मोडलेलं होतं आणि शेजारचे काका “आमच्या घरात काय बघत होतास?” असं विचारत होते.

तेव्हापासून माझा क्रम पक्का आहे. आधी जागा, मग वजन, मग कॅमेरा. जाहिराती हाच क्रम उलटा लावतात.

पायरी 1: जागा शोधा, तीही खरेदीच्या आधी

सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावर भारताचा हवाई नकाशा आहे, हिरव्या, पिवळ्या आणि लाल भागांचा. हिरव्या भागात जमिनीपासून 120 मीटर, म्हणजे 400 फुटांपर्यंत उडवायला आगाऊ परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 60 मीटरवर येते. त्याहून जवळ, किंवा पिवळ्या भागात, जायचं असेल तर परवानगीशिवाय विषयच काढू नका. लाल भागात केंद्र सरकारची परवानगी लागते, आणि हौसेखातर ती कुणी देईल अशी आशा धरू नये.

आता आपलं घर त्या नकाशात शोधा. इथे बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. मुंबईत विमानतळ शहराच्या पोटातच आहे, शिवाय पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढत असतात. पुण्यात लोहगावला हवाई दलाचा तळ, खडकवासल्याला एनडीए ही सैनिकी प्रबोधिनी. नाशिककरांना देवळालीची लष्करी छावणी आणि ओझरचा विमानतळ. गोव्यात दाबोळीचा विमानतळ म्हणजे नौदलाचा तळ, आणि उत्तरेला मोपा.

गडांचं वेगळंच. रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत. तिथे लेखी परवानगीशिवाय ड्रोन चालत नाही, नकाशात तो भाग हिरवा दिसला तरीही. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणजे कोकणकड्याच्या दृश्यासाठी आधी वनखात्याचा उंबरठा. थोडक्यात, ज्या चित्रांसाठी लोक ड्रोन घेतात त्यांतली निम्मी चित्रं अशीच सहज घेता येत नाहीत. दुकानदार हे सांगत नाही.

मग उरतं काय? गावाकडचं शेत, पडीक माळरान, ओळखीच्या माणसाची जागा. इथेही एक सावधगिरी हवी. 2024 च्या पावसाळ्यात पुणे आणि बीड जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत रात्री ड्रोन फिरताना दिसले, चोर टेहळणी करतात अशी वदंता उठली आणि लोक रात्र-रात्र जागे राहिले. म्हणून अनोळखी गावात उडवण्याआधी पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना भेटा, ड्रोन दाखवा, काय करणार ते सांगा. चहा मिळतो, आणि जमलेली पोरं पुढे राखणीला उभी राहतात.

घरापासून तासाभराच्या आत अशी एकही जागा सापडली नाही, तर माझा सल्ला सरळ आहे: घेऊ नका. तो ड्रोन कपाटात पडून राहणार.

पायरी 2: 250 ग्रॅमची रेघ समजून घ्या

2021 च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला ‘नॅनो’ म्हणतात, त्याच्यापुढे 2 किलोपर्यंत ‘मायक्रो’. नॅनो उडवायला वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही आणि तृतीय पक्ष विमाही सक्तीचा नाही. मायक्रोला विमा लागतो, आणि त्यावर पैसे कमवायचे असतील, उदाहरणार्थ लग्नाचं चित्रण, तर प्रमाणपत्रही. छोट्या ड्रोनवर 249 हा आकडा इतक्यांदा दिसतो तो यामुळेच. हे वजन बॅटरीसकट धरायचं. हौसेने पात्यांभोवती संरक्षक कडं किंवा मोठी बॅटरी लावली की रेघ ओलांडली जाते. नोंदणीचं आणि परवानगीचं त्या घडीला काय चालू आहे ते उडवण्याआधी सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्या. नियम मोडला तर दंड 1 लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

हलकं असण्याचे फायदे खरे आहेत. खिशात मावतो, कुणाच्या डोक्यावर पडला तरी इजा कमी, पडल्यावर स्वतःही कमी मोडतो. पण हलक्याला वारा झेपत नाही, आणि हा तोटा लोक फार कमी धरतात.

एक हिशोब मांडू. टेलो नावाचा 80 ग्रॅमचा छोटा ड्रोन सेकंदाला जास्तीत जास्त 8 मीटर जातो, म्हणजे ताशी साधारण 29 किलोमीटर. समोरून ताशी 20 किलोमीटरचा वारा असेल तर हातात उरतात ताशी 9. एरवी 100 मीटर परत यायला तेरा सेकंद पुरतात, आता चाळीस लागतात. झुळूक 30 ची आली की तो पूर्ण जोर लावूनही मागे मागे जातो. हवामानाच्या अॅपमध्ये दिसणारा वारा जमिनीपासून 10 मीटरवरचा असतो. 60 मीटरवर तो बहुतेक वेळा जास्तच असतो. तेव्हा खाली पानं हलत असतील तर वर काय चाललंय याचा अंदाज त्याच मापाने करू नका.

पायरी 3: तीन जातींतून एक निवडा

पहिली जात खेळण्यातली. दीड-दोन हजारांपासून मिळणारे, घडीचे हात असलेले. यांत जीपीएस नसतं, ब्रश असलेल्या छोट्या मोटरी असतात आणि त्या लवकर झिजतात. बॅटरी सहा-सात मिनिटांत संपते. खोक्यावरच्या ‘4के’वर विश्वास ठेवू नका. बहुतेकदा कॅमेरा त्याहून कितीतरी कमी टिपतो आणि चित्र ओढून-ताणून मोठं केलेलं असतं. शिवाय मेमरी कार्ड नसेल तर चित्रण वायफायवरून फोनमध्ये येतं, आणि सिग्नल तुटला की चित्रही तुटतं. मग हा घ्यावाच कशाला? बोटांना वळण लावायला. याचा कॅमेरा नाहीच असं समजून घेतलात तर पैसे वसूल.

दुसरी जात टेलोसारख्यांची. 13 मिनिटं उड्डाण, 720पी चित्रण, 5 मेगापिक्सेल फोटो. पोटाखालचा कॅमेरा जमीन बघून ड्रोनला एका जागी धरून ठेवतो, त्यामुळे नवशिक्यालाही तो पहिल्याच दिवशी आवरतो. घरात, सभागृहात हा उत्तम. शाळेतली मुलं यावर प्रोग्रॅमिंगही शिकतात. मात्र जीपीएस नाही, म्हणजे संपर्क तुटला तर तो घरी परत येत नाही. एकरंगी फरशी, पाणी किंवा अंधार असला की खालची जमीन त्याला ‘दिसत’ नाही आणि तो भरकटतो. आता तो जुना झाला, पण सेकंडहँड मिळाला तर शिकायला वाईट नाही.

तिसरी जात जीपीएसवाल्यांची. डीजेआय या चिनी कंपनीचा निओ हा 2024 मधला 135 ग्रॅमचा ड्रोन तळहातावरून उडतो. साधारण 18 मिनिटं उडतो, पात्यांभोवती कडं आहे, पण त्याचा गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी यंत्रणा, एकाच अक्षात हलतो. त्याच कंपनीचा मिनी 2 घेतला तर 249 ग्रॅम, 31 मिनिटं आणि तीन अक्षांचा गिंबल. तीन अक्षांचा गिंबल म्हणजे ड्रोन वाऱ्यात डुलत असताना कॅमेरा स्थिर राहतो. माझ्या मते मेगापिक्सेलपेक्षा याच गोष्टीने चित्रणात जास्त फरक पडतो. डुलणारं 4के बघवत नाही, स्थिर 1080पी घरचे सगळे बसून बघतात. आणि एक गोष्ट मनाची तयारी म्हणून: मिनी 2 च्या कॅमेऱ्याचा सेन्सर आपल्या चांगल्या फोनच्या सेन्सरहून लहान आहे. संध्याकाळी अंधारू लागलं की चित्रात दाणे दिसायला लागतात.

या तिसऱ्या जातीत भारतात एक मोठी मेख आहे. 9 फेब्रुवारी 2022 पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे, संशोधन आणि संरक्षणासारखे अपवाद सोडून. सुटे भाग आणायला मुभा आहे, पूर्ण ड्रोन किंवा त्याचे जोडणीसंच आणायला नाही. तरी बाजारात ते दिसतात. असा ड्रोन घेतलात तर कंपनीची हमी नाही, दुरुस्ती ओळखीच्या कारागिराकडे, आणि बिल मागितलं की दुकानदाराचा चेहरा पडतो. अमेरिकेतला किंवा दुबईतला भाऊ “येताना घेऊन येतो” म्हणाला, तरी कस्टममध्ये अडकण्याची शक्यता त्याला आधी सांगा. भारतीय कंपन्यांचा भर बहुतेक शेती, मोजणी आणि संरक्षणावर आहे. हौशी माणसाला परवडेल आणि बिलासकट मिळेल असा चांगला कॅमेरा ड्रोन शोधणं म्हणूनच वेळखाऊ काम आहे. बिल आणि दुरुस्तीचा पत्ता या दोन्ही गोष्टी नसतील तर मी पैसे मोजणार नाही.

पायरी 4: खरी किंमत जोडा

एका बॅटरीवर कुणाचंच भागत नाही. तीन धरा. पात्यांचे जादा संच, मेमरी कार्ड, पिशवी. एकूण खर्च छापील किमतीच्या दीडपट धरून चला.

पायरी 5: पहिल्या दहा बॅटऱ्या फक्त सरावाच्या

वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत. जागा मोकळी, वर तारा नसलेली. छोट्या ड्रोनला तार दिसत नाही, हे पाठ करून ठेवा. गच्चीवरून किंवा गाडीच्या बॉनेटवरून उडवू नका. स्लॅबमधल्या सळया आणि गाडीचं लोखंड ड्रोनच्या होकायंत्राला फसवतात. जीपीएसवाला असेल तर पुरेसे उपग्रह सापडून ‘घराची जागा’ नोंदली जाईपर्यंत थांबा, आणि परत येण्याची उंची आसपासच्या सर्वांत उंच झाडाच्या वर ठेवा. ती झाडाहून कमी ठेवली तर ड्रोन इमानेइतबारे परत येतो आणि थेट झाडात घुसतो.

पहिल्या दोन बॅटऱ्या डोक्याच्या उंचीला, शेपूट आपल्याकडे ठेवून. नुसतं पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे. मग ड्रोनचं तोंड आपल्याकडे वळवा. आता त्याचं डावं ते आपलं उजवं. बहुतेक अपघात इथेच होतात, कारण घाबरलेला अंगठा नेमका उलटा जातो. हे अंगवळणी पडेपर्यंत कॅमेऱ्याकडे बघूच नका. पुढे चौकोन, मग इंग्रजी आठचा आकडा. लांब जाताना आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे बॅटरी उतरलेली असताना वारा परत आणायला मदत करतो. बॅटरी 30 टक्क्यांवर आली की परत.

घारींवरही लक्ष ठेवा. विणीच्या दिवसांत त्या ड्रोनवर झडप घालतात. घार घिरट्या घालायला लागली की वाद न घालता खाली उतरा. संक्रांतीच्या आसपास मांजाही असतोच.

पायरी 6: कडा आणि समुद्र, सराव झाल्यावरच

पडद्यावर दिसणारी उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते. कड्याच्या काठावरून 50 मीटर वर गेलात आणि दरीवर सरकलात, तर पडद्यावर 50 च दिसतं. खाली मात्र 500 मीटर खोल दरी असते, आणि 120 मीटरची मर्यादा जमिनीपासून मोजतात. ड्रोन कड्याखाली उतरवलात तर मध्ये खडक येतो आणि सिग्नल तुटतो. कड्याला आपटून वर उसळणारा वारा तर हलक्या ड्रोनला पतंगासारखा भिरकावतो.

किनाऱ्यावर सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. म्हणजे शांत वाटणारी सकाळ ड्रोनला हळूच आत ढकलत असते. दुपारी खारे वारे उलट येतात, पण त्यांचा जोर जास्त. पाण्याच्या अगदी जवळ उडवू नका, कारण लाटांवर खालचा सेन्सर गोंधळतो. वाळूतून उडवायचा असेल तर खाली गोणपाट किंवा चटई अंथरा, नाहीतर वाळू मोटरीत जाते. पावसाळ्यात हे ड्रोन घरीच. यांतला एकही भिजण्यासाठी बनलेला नाही, आणि घाटातलं धुकं म्हणजे पाणीच.

घरी आल्यावर बॅटऱ्या गरम असताना चार्जिंगला लावू नका. आठवडाभर उडवणार नसाल तर पूर्ण भरलेल्या ठेवू नका, 40 ते 60 टक्क्यांवर ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका आणि घरच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. विमानाने जाताना बॅटऱ्या हातातल्या पिशवीत असाव्यात, चेक-इनच्या बॅगेत नव्हे.