शोभेची चेरी लावताय? या चुका टाळा

इंग्लंडमध्ये एप्रिलात रोपवाटिकेत गेलं की गुलाबी फुलांनी लगडलेली 'कांझान' जातीची चेरी दारातच उभी असते आणि आपण भुलतो. मीही भुललो. बहर जेमतेम दोन आठवडे. मध्येच वादळी पाऊस आला की एका रात्रीत खाली गुलाबी चिखल. वर झाड 10 मीटरपर्यंत जातं, ते वेगळंच. बागेत जागा एकाच झाडाची असेल तर उरलेले पन्नास आठवडे ते काय दाखवणार, हे आधी बघा. 'ऑटम्नॅलिस' ही जात नोव्हेंबर ते मार्च, थंडी जरा सैल पडली की थोडीथोडी फुलत राहते. सार्जंट चेरीची पानं गळण्याआधी केशरी-लाल होतात. तिबेटी चेरीची फुलं अगदीच साधी, पण साल घासलेल्या तांब्याच्या हंड्यासारखी. हिवाळ्यात ओल्या फडक्याने तिच्यावरचं शेवाळ पुसून बघा!

सगळ्यात जास्त झाडं बिघडतात ती छाटणीत. मी मूळचा नाशिककडचा, द्राक्षाच्या छाटण्या बघत वाढलेला. जानेवारीत पानं नव्हती, फांद्या स्पष्ट दिसत होत्या, म्हणून चेरीवर कात्री चालवली. पुढच्या उन्हाळ्यात एका फांदीची पानं बर्फीला वर्ख लावावा तशी चंदेरी झाली. फांदी कापली तर आत तपकिरी डाग. हा बुरशीचा रोग. तिचे बीजाणू ओल्या थंड दिवसांत ताज्या जखमेतून आत शिरतात. म्हणून चेरी छाटायची ती जून ते ऑगस्टमध्ये, कोरड्या दिवशी. रोग दिसलाच तर डाग संपतो तिथून आणखी 15 सेंटीमीटर खाली कापा आणि करवत पुसून घ्या. मात्र सगळंच झाड एकदम चंदेरी दिसत असेल आणि लाकडात डाग नसेल, तर घाबरू नका. बहुतेक वेळा पाण्याची नाहीतर खताची आबाळ झालेली असते.

चिकणमातीत पाणी साचलं तर मुळं कुजतात. लावताना कलमाचा जोड मातीच्या वर ठेवा. मुळं उथळ असतात, त्यामुळे बुंध्याभोवती खणू नका. मीटरभर गोलात गवतही नको, नाहीतर गवत कापायच्या यंत्राने साल सोलली जाते. खुंटाचे, म्हणजे ज्या मुळावर कलम बांधलेलं असतं त्याचे, धुमारे सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) कापले तर एकाचे चार होतात. कोवळे असतानाच माती बाजूला करून मुळापासून ओढून काढा.