शोषण खरंच घटतंय की नमुना तापतोय?

गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाच्या क्वांटम वेल्सवर, म्हणजे काही नॅनोमीटर जाडीच्या थरांवर, प्रखर प्रकाश टाकला की ८५० नॅनोमीटरच्या आसपासचं एक्सायटॉनचं (इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा यांच्या बांधलेल्या जोडीचं) शोषण घटतं. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत १९८२ साली हे साध्या खोलीच्या तापमानाला दिसलं, आणि मला ते आजही विलक्षण वाटतं.

माझ्या मोजणीत मात्र शोषणाचं शिखर खाली बसता बसता लांब तरंगलांबीकडेही सरकत होतं. संशय उष्णतेवर गेला. तापमान वाढलं की या पदार्थाची बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला वर उचलायला लागणारी किमान ऊर्जा, आकसते. शिखर दर अंशाला साधारण पाव नॅनोमीटर हलतं. म्हणून लेसरच्या वाटेत ध्वनिलहरींनी झोत झटपट चालू-बंद करणारा अकूस्टो-ऑप्टिक मॉड्युलेटर बसवला. तीव्रता तीच ठेवून झोत क्षणभरच सोडायचा आणि मधला अंधार वाढवत न्यायचा. सरकणं विरत गेलं, शोषणातली घट तेवढीच राहिली. म्हणजे घट खरी: इलेक्ट्रॉनच्या अवस्था आधीच भरलेल्या, नव्या एक्सायटॉनला जागा नाही.

आणि हो, क्वांटम वेल्स ज्यावर वाढवलेल्या असतात तो खालचा गॅलियम आर्सेनाइडचा जाड थरही हाच प्रकाश गिळतो. नमुना नीलमच्या पारदर्शक चकतीवर चिकटवून तो थर रसायनाने कोरून काढला. गोंद अगदी पातळ लावा, नाहीतर उष्णता तिथेच अडते.