जुना इंग्लिश चमचा घेताना आधी तोंडाची वाफ द्या

जुन्या इंग्लिश चमच्यांवरचे, चांदीची खात्री देणारे छाप अनेकदा इतके झिजलेले असतात की चांदीच्या भावात मुलामा सहज गळ्यात पडतो.

१. दांड्याच्या मागे तोंडाची गरम वाफ सोडा आणि चमचा उजेडात तिरका धरा. वाफ विरता विरता छाप उठून दिसतात.
२. आधी चालणारा सिंह शोधा, म्हणजे ९२.५ टक्के चांदी. शेजारी जहाजाचा नांगर असेल तर चमचा बर्मिंगहॅममध्ये तपासलेला. ‘ईपीएनएस’ अक्षरे दिसली तर निव्वळ चांदीचा मुलामा, न घेता परत ठेवा.
३. मग वाटीवर आणि दांड्याच्या जोडावर वाफ द्या. डाग देऊन सांधल्याची रेघ किंवा घासून काढलेली आद्याक्षरे इथेच उघडी पडतात. मी तर अशा चमच्याचा भाव निम्म्यावर आणूनच बोलते.

छापांवर पॉलिश मात्र घासू नका, चमचा कोणत्या सालचा ते सांगणारे अक्षर झिजून जाईल.